सिपोराबायचं दार

सिपोराबाय चौलकर मूळची रेवदंड्याची. आता कॅनडात नॉर्थ यॉर्कला एका काचेच्या बिल्डिंगमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहते. मुलगा इलान बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो, सून ॲबी दातांच्या दवाखान्यात आहे आणि नात एला तिसरीत शिकते. नवरा अल्बर्ट गेला तेव्हा इलान रेवदंड्याला आला, आईचं सगळं आयुष्य दोन बॅगांत कोंबलं आणि तिला घेऊन गेला. शेजारपाजार म्हणाला, "नशीब काढलंस हो, सिपोराबाय!" काढलं खरं. उगाच खोटं कशाला बोला, वाईट कोणी वागवत नाही. स्वतंत्र खोली आहे, हीटर आहे, टीव्हीला मराठी चॅनेल लावून दिलंय. बोलायला माणूस तेवढं नाही.

आणि रविवार आला की आउटिंग! घरात बसायचं नाही असा इलानचा दंडकच आहे. उन्हाळ्यात लेकवर जायचं, हिवाळ्यात मॉलमध्ये. सप्टेंबरात सफरचंदं तोडायला शेतावर जायचं, तिथे आपणच झाडावर हात ताणायचे, आपणच पिशवी वाहायची आणि वर शेतकऱ्याला पैसे द्यायचे. हे कोडं सिपोराबायला अजून सुटलेलं नाही. गाडीत तिची जागा मागे, एलाच्या शेजारी, मध्ये ग्रोसरीच्या पिशव्या. पुढे नवरा-बायको विंटर टायर कधी टाकायचे ते बोलतात, एलाच्या कानात हेडफोन. सिपोराबाय खिडकीबाहेर बघते. मधेच इलान आरशातून विचारतो, "आई, एन्जॉय करतेयस ना?" ही म्हणते, "हो रे बाबा, करतेय." मग फोटो. पाठीमागे कधी धबधबा, कधी बर्फ, कधी मोठं थोरलं प्लास्टिकचं अस्वल, आणि पुढे त्याच मरून जॅकेटात सिपोराबाय. फोटो रेवदंड्याला पोचतात, तिकडून उत्तर येतं, "मजा आहे बुवा!"

ती बेने इस्राएल, कोकणातली ज्यू. पूर्वी यांच्याकडे तेलाचे घाणे होते, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. रेवदंड्यात हे पोराटोरांना ठाऊक. इथे मात्र सगळा घोळ! बाराव्या मजल्यावरची पुण्याची अरुणा, बाई गोड अगदी, पण नावं ऐकून ती यांना ख्रिश्चन समजते आणि डिसेंबरात न चुकता "मेरी ख्रिसमस हं, काकू" म्हणते. आणि जवळच्या मोठ्या सिनेगॉगमधल्या बायका हिच्या साडीचं कौतुक करतात आणि विचारतात, "तुम्ही धर्म बदलून कधी आलात?" आता काय सांगायचं कपाळ? आमचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, ही गोष्ट तिने दोनदा सांगून पाहिली. इंग्रजीत ती गोष्ट चार वाक्यांत संपते. मग तिने सांगणं सोडून दिलं.

या सगळ्यात तिला सर्वांत जास्त कशाची भूक असेल, तर हातबोशीची. म्हणजे काय, तर प्रार्थना झाली की घरातल्या मोठ्याने दोन्ही हात पुढे करायचे, धाकट्याने त्यात आपले हात द्यायचे, मग दोघांनीही आपापली बोटं ओठांना लावायची. मग धाकट्याने पुढच्याला हात द्यायचे. असं करत करत थोरल्यापासून निघालेला स्पर्श तान्ह्या पोरापर्यंत पोचतो. रेवदंड्याच्या सिनेगॉगमध्ये हातबोशी संपेपर्यंत बाहेर रिक्षावाले कंटाळायचे. इथे कोविडमध्ये हातात हात देणं बंद झालं ते झालंच. शुक्रवारी इलानची मीटिंग असते, ॲबीचे पेशंट असतात, आणि एला आजीसमोर मूठ धरून म्हणते, "फिस्ट बम्प, ग्रॅनी!" सिपोराबाय मूठ आपटते. पोरीचा काय दोष?

आता मुद्द्याची गोष्ट. वर्षातला यांचा सगळ्यात मोठा उपास म्हणजे दारफळणी. आदल्या संध्याकाळी दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, अन्नपाणी बंद, देवाकडे माफी मागायची. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारं सताड उघडी. देवाची माफी झाली, आता माणसांची. वर्षभरात ज्याच्याशी वाकडं आलं असेल त्याच्या घरी धाकट्याने जायचं, हातबोशी करायची, तोंडात गोड घालायचं, की भांडण संपलं. फोनवरून हे होत नाही. हातच लागतात त्याला.

आणि सिपोराबायचं वाकडं होतं तिच्या जावेशी, मोझेलशी. अल्बर्टच्या धाकट्या भावाची ही बायको, मुलाबरोबर, म्हणजे युवलबरोबर, जवळच स्कारबरोला राहायची. अख्ख्या कॅनडात सिपोराबायला अरेतुरे करणारं, रेवदंड्याची विहीर नि वेशीवरचं चिंचेचं झाड माहीत असणारं हे एकच माणूस. दोघी लग्न होऊन एकाच घरात आल्या, एका चुलीवर रांधलं, एकमेकींची पोरं न्हाऊमाखू घातली. पण मोझेलच्या जिभेला हाड नाही. एलाच्या वाढदिवसाला, चारचौघांत, हातात केकची प्लेट घेऊन ती बोलून गेली, "बाय, तुला आई म्हणून नाही हो आणलंय इकडे. पोर सांभाळायला आणलंय."

झालं! सिपोराबायच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलणं खोटं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं. खरं होतं म्हणून झोंबलं. ती ताडकन म्हणाली, "चालती हो. आजपासून माझं दार तुला बंद!"

दार बंद म्हणून तर बसली, पण दुसऱ्या दिवसापासूनच जीव खाली-वर. आपण फोन करावा? छे, मोठीने आधी नमायचं कसं? शिळ्या सणाला येईलच की ती. रीतच आहे. त्या वर्षी सिपोराबायने पहाटे उठून नारळाच्या दुधात गव्हाच्या चिकाचा हलवा केला, करंज्या तळल्या, फ्लॅटचं दार सताड उघडं टाकून समोर खुर्ची मांडली आणि बसली. लिफ्टचा आवाज झाला की मान वर व्हायची. समोरच्या फ्लॅटमधला चिनी म्हातारा दोनदा डोकावून गेला, घरात काही झालं की काय म्हणून. संध्याकाळ झाली, मोझेल आली नाही. दुसऱ्या वर्षी आली नाही. तिसऱ्या वर्षी दारात बसून सिपोराबाय मनाशी म्हणाली, एवढा कसला गं माज? मी मेले तरी येणार नाहीस ना? आणि डोळे पुसून तिने हलव्याच्या वड्या फ्रीजरमध्ये टाकल्या. कुणाची वाट बघतेय हे तिने घरात सांगितलं नव्हतं. इलानला वाटायचं, आईचा काहीतरी जुना रिवाज आहे.

यंदा शिळा सण नेमका थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडला, रविवारी आला. इलानने उत्तरेला पानांचे रंग बघायला जायचा बेत केला.

"मी नाही येत," सिपोराबाय म्हणाली. "सण आहे आज. कुणी आलं तर?"

"आई," ॲबी हळूच म्हणाली, "तीन वर्षं तुम्ही दारात बसताय. कुणी आलंय का?"

त्यात काही टोचायचा हेतू नव्हता, पण सिपोराबायला ते आरपार गेलं. खरंच की, कुणी आलंय का? आणि एलाने तिचा हात ओढला, "प्लीज, ग्रॅनी, यू नेव्हर कम फॉर द लीव्ह्ज!" हिने मरून जॅकेट चढवलं. दारासमोरची खुर्ची तशीच राहू दिली आणि हलवा टेबलावर झाकून ठेवला, सवयीने. निघताना सगळ्यात शेवटी तीच बाहेर पडली आणि कुलूप लावायला हात गेला, पण शिळ्या सणाला दाराला कुलूप? हात धजेना. तिने दार नुसतं ओढून घेतलं.

बॅरी शहर मागे पडलं, हायवेच्या दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झाडं सुरू झाली. ॲबी "वॉव" म्हणत होती, एला फोटो काढत होती. सिपोराबाय बघत होती आणि तिला काहीच वाटत नव्हतं. इतकं सुंदर आहे, मला का काही वाटत नाही, म्हणून ती आणखी खिन्न झाली.

तेवढ्यात इलानचा फोन वाजला. नंबर गाडीच्या स्क्रीनवर आला.

"कोणाचा रे?" ॲबीने विचारलं.

"लॉबीतला बझर. कुणीतरी चुकीचं बटण दाबलं असेल. येतात असे कॉल, मी कट करतो."

सिपोराबायला काही कळलं नाही. "लॉबीतला म्हणजे?"

"आई, खाली दाराशी ती पेटी नाही का? पाहुण्याने आपलं नाव दाबलं की माझा मोबाइल वाजतो. मी नऊ दाबला की खालचं दार उघडतं." इलानने कट करायला बोट पुढे नेलं.

"थांब!" सिपोराबाय एवढ्या जोरात ओरडली की एलाने हेडफोन काढले. "घे तो फोन. घे आधी!"

इलानने घाबरून उचलला. गाडीभर खरखर झाली आणि मग आवाज आला. दमलेला, ओळखीचा.

"बाय? सिपोराबाय? यंदा तरी दार उघड गं. किती वर्षं रागावशील?"

सिपोराबायचं वरचं दार उघडं होतं. तीन वर्षं उघडं होतं! आणि एकोणीस मजले खाली मोझेल बंद काचेसमोर उभी राहून घंटी वाजवत होती, ती घंटी इलानच्या खिशात वाजत होती, तो मीटिंगमधून ती कट करत होता. रेवदंड्याच्या बाईला वाटलं, दार म्हणजे घराचं दार. त्याच्या आधी आणखी एक दार असतं आणि त्याची कडी मुलाच्या फोनात असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ही एरवी आपल्या किल्लीचा बिल्ला टेकवून आत-बाहेर करायची. पाहुणे कसे येतात याचा तिने कधी विचार केला नव्हता. आणि मोझेलला काय वाटलं असेल? बाय बोलली होती, दार बंद, तसं तिने बंदच ठेवलं.

"मोझेल!" ती ओरडली. "मी गाडीत आहे गं! घरात नाही! तू वर जा, दार उघडं आहे, मी आलेच!"

"आई, तू फ्लॅट अनलॉक्ड ठेवलास?" इलानचा आवाज चिरकला.

"नऊ दाब रे मेल्या!"

त्याने नऊ दाबला. पलीकडे खट्ट झालं आणि फोन तुटला.

"गाडी वळव," सिपोराबाय म्हणाली.

"आई, आपण जवळजवळ पोचलोय. परत जायला या ट्रॅफिकमध्ये... काकी थांबेल की थोडं. किंवा नेक्स्ट वीकेंडला आपणच जाऊ ना."

"बट वुई आर ऑलमोस्ट देअर!" एला रडकुंडीला आली.

सिपोराबायने पाच वर्षांत या गाडीत कधी काही मागितलं नव्हतं. इकडे थांबव नाही, काच खाली कर नाही, काही नाही. आता तिला बोलायचं होतं आणि हुंदका येत होता. ॲबीने मागे वळून सासूच्या तोंडाकडे पाहिलं.

"इलान," ती म्हणाली, "वळव गाडी."

परतीला हायवे नुसता तुंबलेला. सिपोराबाय पुढच्या सीटला धरून बसली होती, जणू ओढून गाडी पुढे जाणार होती. वाटेत तिने पहिल्यांदाच सगळं सांगितलं, केकची प्लेट, दार बंद, तीन वर्षांची खुर्ची. इलान म्हणाला, "आई, मला सांगायचंस ना." ती म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

उन्हं उतरता उतरता पोचले. फ्लॅटचं दार सताड उघडं होतं आणि दारासमोरच्या त्याच खुर्चीत कोट न काढता मोझेल बसली होती. मांडीवर डबा. हलव्याला हात लावला नव्हता, यजमानाशिवाय कसं खाणार? केस पांढरेफटक झालेले, अंगावर मूठभर मांस नाही. सिपोराबायला वाटलं, ही माझी मोझेल? कधी झाली ही म्हातारी?

मोझेल उठायला लागली. "बाय, मी बोलले ते..."

"बस. काही बोलू नकोस." सिपोराबायने दोन्ही हात पुढे केले. मोझेलने त्यात आपले हात दिले. ते थंडगार होते. दोघींनी बोटं ओठांना लावली. मग मोझेलने इलानला हात दिले, इलानने ॲबीला, आणि ॲबीने एलाला. एलाने मूठ पुढे केली होती, ती तिने हळूच उघडली.

"खोटं नव्हतीस बोलली," सिपोराबाय जावेच्या तोंडात हलवा घालत म्हणाली. "पण चारचौघांत कशाला गं?"

"जीभ मेली माझी. मला पण तसंच आणलंय की. युवलच्या पोरांसाठी. तुझं बघून माझंच बोलले मी."

दोघी हसल्या, रडल्या. मग रेवदंड्याचं निघालं, कोण गेलं, कोणाचं घर विकलं. आता दर रविवारी ये, सिपोराबाय सांगत होती. आउटिंग बिउटिंग काही नको. तू ये, नाहीतर मला तिकडे सोडायला सांगते. आपण वालाचं बिरडं करू, मोड मी आणते.

मोझेल डब्याचं झाकण लावत म्हणाली, "गुरुवारी आम्ही एडमंटनला चाललो, बाय. युवलची बदली झाली. घरसामान गेलंसुद्धा."

"एडमंटन कुठे आलं?"

"विमानाने चार तास." तिने डबा पिशवीत ठेवला. "एवढी वर्षं भांडण मिटवायला यायचे. आज म्हटलं, दार नाही उघडलं तरी खालूनच निरोप घेऊन जावं."

"थंडी फार असते म्हणे तिकडे," सिपोराबाय म्हणाली. "कानाला बांधत जा."

युवल तिला न्यायला येऊन खाली गाडीत ताटकळला होता, त्याची रात्रपाळी होती. सिपोराबाय घरातल्या सपाता घालूनच जावेला पोचवायला गेली. लिफ्टमध्ये दोघींनी एकमेकींचा हात धरून ठेवला. गाडीचं दार लागलं, मोझेलने काचेतून हात हलवला, गाडी वळणावर गेली.

सिपोराबाय माघारी फिरली तर काचेचं दार लागलेलं, आणि किल्लीचा बिल्ला वर जॅकेटात. वारा बोचत होता. तिने त्या पेटीसमोर उभं राहून बाण दाबत दाबत चौलकर शोधलं आणि बटण दाबलं. घंटी वाजली. वाजत राहिली आणि थांबली. पुन्हा दाबलं. पुन्हा वाजून थांबली. बाजूने एक जोडपं आत गेलं आणि दार पुन्हा लागलं, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. तेव्हा तिला कळलं, मोझेल उभी राहायची म्हणजे कशी. इथेच, या फरशीवर, डबा घेऊन. अशीच दाबायची आणि ऐकत राहायची, आणि मग मान खाली घालून गाडीकडे जायची. आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायची! सिपोराबाय तिथे उभ्या उभ्या ओक्साबोक्शी रडायला लागली.

तिसऱ्या खेपेला इलानने उचललं. "हॅलो?"

रडण्याने तिचा आवाजच निघेना.

"हॅलो? पिझ्झा? जस्ट लीव्ह इट इन द लॉबी, आय विल कम डाउन."

फोन बंद झाला. थोड्या वेळाने लिफ्ट उघडली आणि इलान बाहेर आला, इकडेतिकडे खोका शोधत. मग त्याला काचेपलीकडे आई दिसली. त्याने धावत येऊन दार उघडलं.

"आई! तू होतीस? अगं बोलली का नाहीस?"

"ती इथे उभी राहायची रे," सिपोराबाय म्हणाली. "तीन वर्षं. आणि मी वर वाट बघत होते."

इलान दार हाताने धरून उभा राहिला. "आत ये ना, आई," तो म्हणाला. "थंडी आहे बाहेर."

ती लगेच आत गेली नाही.